दीड मिनिटाची पदवी

तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम, काही लाखांची फी, रात्ररात्र रेंडरला लावून ठेवलेले कॉम्प्युटर, आणि सगळ्याचा निकाल दीड मिनिटात. ॲनिमेशन, व्हीएफएक्स किंवा गेम आर्ट शिकून आलेल्या मुलाकडे स्टुडिओत गुणपत्रिका सहसा कुणी मागत नाही, शोरील मागतात. आपल्या कामातले निवडक तुकडे जोडून केलेली ही फिल्म मिनिट-दीड मिनिटाची असते, आणि मुरलेला सुपरवायझर पहिल्या पंधरा-वीस सेकंदांतच काय ते मनाशी ठरवून टाकतो. चेंडू वर गेला, खाली आला. त्याला वजन होतं का? म्हातारी खुर्चीतून उठली. उठण्याआधी तिने अंगाचा भार पुढे घेतला का? तो एवढंच बघत असतो.

मग विद्यापीठ हवं कशाला? ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, यूट्यूबवर शिकवणारे शेकड्यांनी आहेत, आणि २०२५ साली ॲनिमेशनपटाचं ऑस्कर ज्या ‘फ्लो’ला मिळालं तो लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने ब्लेंडरवरच केला. गडी स्वतःच शिकलेला. हे उदाहरण हल्ली प्रत्येक समुपदेशनात कुणी ना कुणी तोंडावर फेकतंच. माझं उत्तर आधीच सांगतो: विद्यापीठ हवं, पण त्या नावाने आपल्याकडे जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नको. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी घरच्या मंडळींसाठी थोडं. एकाच माहितीपत्रकात छापल्यामुळे ही तीन कामं एकच वाटतात. ॲनिमेशन म्हणजे निर्जीवाला हलवणं: सेकंदाला २४ चौकटी, हाताने काढायचं तर बहुतेक वेळा १२ चित्रं, एकेक चित्र दोन चौकटींना. व्हीएफएक्स म्हणजे चित्रीकरणात जे नव्हतं ते नंतर असं बसवणं की बघणाऱ्याला शंकाही येऊ नये. उत्तम व्हीएफएक्सचं कौतुक होत नाही, कारण ते कळतच नाही. गेम आर्टमध्ये प्रेक्षक स्वस्थ बसलेला नसतो. तो कॅमेरा फिरवतो, भिंतीमागे डोकावतो, दगडाला नाक लावून बघतो. सिनेमाची एक चौकट रेंडर व्हायला काही तास लागले तरी चालतात. गेमला सेकंदाला ६० चौकटी द्यायच्या तर एका चौकटीच्या वाट्याला सोळा-सतरा मिलिसेकंद येतात. त्यामुळे गेम आर्टिस्ट हा अर्धा चित्रकार आणि अर्धा हिशेबनीस. झाडाच्या पानांवर किती त्रिकोण खर्च करायचे आणि मागच्या डोंगरावर किती वाचवायचे, हे त्याला रोज ठरवावं लागतं.

आणि गेमिंग म्हणजे रमी नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले, तेव्हा ‘आता या लाइनला काय अर्थ उरला’ असं बऱ्याच वडीलधाऱ्यांना वाटलं. तो कायदा पैशांच्या खेळांवर होता. गेम घडवण्याची कला शिकणाऱ्या मुलांशी त्याचा संबंध नाही.

आता शिक्षणाकडे. या विद्येचं आपल्याकडचं पहिलं पान दादासाहेब फाळक्यांच्या नावावर आहे. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक चौकट सरकवून नाचवल्या. त्याआधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची वाढ दाखवली होती. फाळके मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून झालं होतं. म्हणजे ॲनिमेशन त्यांना कुणी शिकवलं नाही, पण ज्यातून ॲनिमेशन होतं ते सगळं शिकून ते तिथवर आले. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढे कामाला येईल.

रीतसर शिकवणी सुरू झाली ती सरकारी कचेरीत. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून फिल्म युनिट उभं केलं आणि डिस्नेत ‘बॅम्बी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा ‘बनियन डिअर’ हा लघुपट झाला. त्या तुकडीतले राम मोहन मुळात रसायनशास्त्राचे विद्यार्थी. पुढे तेच भारतीय ॲनिमेशनचे पितामह ठरले, ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’ या जपानी-भारतीय चित्रपटावर त्यांनी काम केलं, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘एक अनेक और एकता’ करणारे भीमसेन याच घरातले. पदवी नव्हती, सेमिस्टर नव्हती. गुरू, टेबल, खालून उजेड येणारी काच आणि सरकारी पगार होता. आणि घाई नव्हती, हे फार महत्त्वाचं.

विद्यापीठांच्या पातळीवर हे काम अहमदाबादच्या एनआयडीने पुढे नेलं आणि मुंबईत आयआयटीच्या आयडीसीने. एनआयडीत शिकणारी पोरं आजही आधी पेन्सिलीने गावाकडच्या आजीचं चालणं काढतात. तिथल्या विद्यार्थ्यांच्या ॲनिमेशन महोत्सवाचं नाव ‘चित्रकथा’ आहे, आपल्याला कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथींची आठवण करून देणारं. (पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ठाकर समाजाची ही बाहुल्या-चित्रांची परंपरा राज्यातल्या प्रत्येक ॲनिमेशन अभ्यासक्रमात आठवडाभर तरी शिकवायला काय हरकत आहे?) आयडीसीतल्या प्राध्यापक शिल्पा रानडे यांनी ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला, २०१३ मध्ये. शिकवणारी व्यक्ती स्वतः चित्रपट करते आहे, यापेक्षा चांगली जाहिरात विभागाला मिळायची नाही. या संस्थांमध्ये जागा थोड्या, दारात सीड, यूसीड, एनआयडीची डॅट अशा परीक्षा. उरलेल्या हजारोंचं काय?

उरलेल्यांसाठी क्लास निघाले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अरेना, झिका, मग माक. शहराच्या मुख्य चौकात, बसस्टँडसमोर, दुसऱ्या मजल्यावर काचेला डायनॉसोरचं पोस्टर. त्यांना हसणं सोपं आहे. पण नांदेड-जळगावच्या मुलाला थ्रीडी हा शब्द पहिल्यांदा तिथेच भेटला आणि आज मोठ्या स्टुडिओत बसलेली बरीच मराठी मंडळी त्याच जिन्याने वर गेली. खोट वेगळी होती. हे क्लास ज्या काळात वाढले त्या काळात परदेशी काम मुंबई, हैदराबाद, बंगळुरूकडे येत होतं, आणि त्यातलं मोठं काम होतं रोटो, पेंट आणि मॅचमूव्ह. रोटो म्हणजे नटाची बाह्यरेषा चौकटीगणिक कापून काढणं, केसांच्या बटांसकट. पेंट म्हणजे तारा, दोऱ्या, नको असलेला माणूस पुसणं. मॅचमूव्ह म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जुळवून घेणं. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० चौकटी. हे काम चिकाटीचं आहे, बेइज्जतीचं अजिबात नाही, पण त्याला चित्रकार लागत नाही. तेव्हा क्लासने चित्रकार घडवले नाहीत. सहा महिन्यांत टूल शिकवा, जॉइनिंग करून द्या. गिरणीला जसे बदली कामगार लागत तसे आर्टिस्ट पुरवले गेले, आणि मग विद्यापीठांनीही पदवीचे अभ्यासक्रम आखताना समोर हाच नमुना ठेवला: पहिल्या सत्रात फोटोशॉप, दुसऱ्यात माया, तिसऱ्यात आफ्टर इफेक्ट्स. सॉफ्टवेअरची नावं हीच विषयांची नावं.

अशा अभ्यासक्रमाला मी विद्यापीठाचा म्हणायला तयार नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दरवर्षी येते. अभ्यासमंडळाची बैठक दरवर्षी होतेच असं नाही.

जगात विद्यापीठांनी या क्षेत्राला काय दिलं ते बघितलं की आपली उणीव नेमकी कळते. मायामध्ये ‘फाँग’ आणि ‘ब्लिन’ नावाची मटेरिअल असतात. आपली मुलं त्यांवर रोज क्लिक करतात. ही दोन माणसांची आडनावं आहेत. बुइ तुओंग फाँग आणि जेम्स ब्लिन, दोघंही अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे पीएचडीचे विद्यार्थी. चकचकीत पृष्ठभागावर उजेड कसा पडतो याचं गणित त्यांनी मांडलं. थ्रीडीएस मॅक्सच्या मेनूत घन, गोल यांच्या रांगेत एक चहाची किटली का असते, याचंही उत्तर तिथेच: १९७५ मध्ये युटात मार्टिन न्यूवेलने प्रयोगासाठी घरातली किटली मोजून घेतली होती. एड कॅटमल तिथलाच. १९७२ मध्ये त्याने स्वतःच्या डाव्या हाताचं थ्रीडी ॲनिमेशन केलं आणि पुढे पिक्सारच्या संस्थापकांत तो होता. हे सगळं बाजाराच्या मागणीवर झालं नाही, कारण तेव्हा बाजारच नव्हता.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातलं कॅलआर्ट्स. डिस्नेचे जुने ॲनिमेटर निवृत्तीला आले, त्यांच्या हातातली कला त्यांच्याबरोबर जाऊ नये म्हणून १९७५ मध्ये तिथे कॅरेक्टर ॲनिमेशनचा वर्ग निघाला. त्यात जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड, टिम बर्टन बसले. त्या वर्गखोलीचा क्रमांक ए ११३ हा नंतर पिक्सारच्या चित्रपटांत गाडीच्या नंबरप्लेटवर, दारावर, कुठेतरी दडलेला सापडतो. शिकलेली खोली कुणी एवढी आठवणीत ठेवतो, म्हणजे तिथे काहीतरी झालं असणार. गेमचं म्हणाल तर स्कॉटलंडमधल्या डंडीच्या ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये कॉम्प्युटर गेमची पदवी सुरू केली. ‘लेमिंग्ज’ आणि पहिला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ याच गावात तयार झाले होते. गावात धंदा होता म्हणून विद्यापीठाने पदवी काढली आणि पदवीमुळे धंद्याला माणसं मिळाली.

असं गाव महाराष्ट्रात कुठलं? पुणे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तिथे वर्षानुवर्षं आहे. ‘इंडस’ हा बॅटल रॉयाल गेम करणारी सुपरगेमिंग पुण्याची. एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये ॲनिमेशन आणि गेम डिझाइन शिकवतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ॲनिमेशनमधली बी.एस्सी. आहे. आणि ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न फसला, तरी मंडळींनी सोडलं नाही, आणि २०२० मध्ये गेम बाहेर आला. त्यातली गोष्ट सांगणारी दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांच्या शैलीत आहेत, भिंतींवरचा रंग हाताने लावल्यासारखा. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. स्टुडिओ छोटा होता, पण चित्र काढणारी माणसं त्यात होती.

त्याच वर्षीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली, काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. भारतात एवढ्या नावाचा गेम घडतोय म्हणून आपण खूश झालो. ट्रेलर आला आणि जगभरच्या खेळाडूंनी चेहऱ्यांवर, उजेडावर टीकेचा भडिमार केला. तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. दोष एकट्या कुणाचा नसतो. वेळ, पैसा, वरचे निर्णय, सगळं त्यात असतं. तरी ही हकिकत प्रत्येक अभ्यासमंडळाने समोर ठेवून बसावं. दुसऱ्याच्या गेमचे सुटे भाग बनवून देण्याचा हात आपल्याकडे वर्षानुवर्षं तयार झाला. अख्खा चेहरा, अख्खा प्रसंग स्वतःच्या जबाबदारीवर उभा करण्याचा हात तयार व्हायला वेगळं शिक्षण लागतं.

नोकरीचं चित्र काय? स्पष्ट सांगायचं तर धंदा मोठा आहे आणि बेभरवशाचा आहे. मुंबईच्या प्राइम फोकसने २०१४ मध्ये लंडनची डबल निगेटिव्ह सामावून घेतली; तीच आजची डीएनईजी, ‘ड्यून’साठी ऑस्कर घेणारी. म्हणजे मुंबईत बसून जगातल्या वरच्या दर्जाच्या कामाला हात लावता येतो. पण ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवणारी, मुंबई-हैदराबादेत शाखा असलेली रिदम अँड ह्यूज फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात त्या चित्रपटाला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. स्वीकारणाऱ्याने कंपनीच्या अवस्थेविषयी बोलायला सुरुवात करताच ‘जॉज’चं संगीत वाजवून त्याचा माइक बंद केला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हीएफएक्समधला टेक्निकलर समूह कोसळला आणि भारतातल्या हजारो आर्टिस्टांना एका आठवड्यात घरी बसावं लागलं. मधल्या काळात २०२३ चे हॉलिवूडचे संप झाले, तेव्हाही इथली टेबलं रिकामी झाली. दुसरीकडे २०२५ मध्येच ‘महावतार नरसिंह’ या ॲनिमेशनपटाने तीनशे कोटींच्या वर गल्ला केला. घरचा बाजार जागा होतोय, हे खरं.

आणि एआय. यावर पानंच्या पानं लिहिली जात आहेत, मी एकच गोष्ट सांगतो. नूक या कंपोझिटिंगच्या, म्हणजे शॉटचे वेगवेगळे थर एकजीव करण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून ‘कॉपीकॅट’ नावाचं साधन आहे. आर्टिस्टने काही चौकटी हाताने करून दाखवायच्या, ते बघून शिकतं आणि उरलेला शॉट करून टाकतं. ज्या कामासाठी आपण वीस वर्षं मुलं तयार केली, नेमकं तेच काम. इमारतीचा तळमजला आधी जाणार, आणि आपण सगळ्यांना तळमजल्यावरच बसवलं आहे. फ्रेशर रोटोवर लागायचा, दोन वर्षांत कॉम्पला, म्हणजे कंपोझिटिंगला, जायचा. त्या पायऱ्याच काढून घेतल्या तर वर जाणार कुठून? याचं उत्तर आज स्टुडिओंकडे नाही. म्हणून उमेदवारीची ती दोन वर्षं आता विद्यापीठालाच आपल्या अंगावर घ्यावी लागतील.

इथे मला आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची आठवण येते. महाराष्ट्रातली लाखो मुलं या सरकारी चित्रकला परीक्षा देतात, बरीचशी दहावीच्या वाढीव गुणांसाठी. त्यात स्मरणचित्र नावाचा विषय असतो: समोर काही नसताना बाजार, पाणवठा, गोविंदांचे थर आठवून काढायचे. माणसं काहीतरी करताना. कुणी वाकलंय, कुणी हंडा उचलतंय. ॲनिमेटरला लागतं ते हेच. पण आपण पाठ केलेली चार माणसं काढून ‘अ’ श्रेणी मिळवतो, आणि अकरावीला पेन्सिल ठेवून देतो. बारावीनंतर ॲनिमेशनला आलेला मुलगा दोन वर्षांत एकदाही चित्र न काढलेला असतो. तिथून त्याला थेट माया. चांगल्या विभागात पहिलं वर्षभर उसळणारा चेंडू, लंबक, पिठाची पिशवी, मग माणसाचं चालणं हेच करून घेतात, कंटाळा येईपर्यंत. टेबलटेनिसचा चेंडू आणि क्रिकेटचा चेंडू, आकार बदलायचा नाही, फक्त चौकटींमधल्या अंतरावर फरक दाखवायचा. एवढं जमलं की पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येतं. जे.जे.तून उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव यांनी ॲनिमेशनची पदवी न घेता ‘प्रिंटेड रेनबो’ केला, ‘बॉम्बे रोझ’ केला. २०१९ मध्ये तो व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा चित्रपट होता. वर फाळक्यांचा जो क्रम सांगितला तो हाच.

पदव्यांचा घोळ थोडक्यात. बी.डिझाइन, बी.एफ.ए., बी.एस्सी., बी.व्होक. यांत कामाच्या दृष्टीने फरक कमी, कोण शिकवतंय यात फरक जास्त. पदवीचा कागद मात्र टाकाऊ नाही: परदेशात मास्टर्सला जायचं, तिकडे नोकरीचा व्हिसा हवा, किंवा उद्या स्वतः शिकवायचं, तर तो लागतोच. क्लासवाले ‘डिप्लोमाबरोबर पदवी’ म्हणतात तेव्हा ती कुठल्या विद्यापीठाची, दूरस्थ असेल तर त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या यादीत स्वतः बघावं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मीडिया ग्राफिक्स आणि ॲनिमेशनची बी.एस्सी. आहे, नोकरी करत शिकणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा.

सरकार जागं झालं आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात केंद्राने या क्षेत्रासाठी कृतिदल जाहीर केलं. राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचा आराखडा. आणि मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज उभी राहते आहे. मोठं आवार गोरेगावच्या चित्रनगरीत होणार, पहिलं केंद्र जुलै २०२५ मध्ये पेडर रोडला, फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारातच सुरू झालं. मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या तिच्या जोडीला आहेत. यंत्रं उत्तम येतील यात मला शंका नाही. माझी एकच मागणी आहे: तिथे पहिलं सत्र कॉम्प्युटरशिवाय असावं, आणि शिकवायला निवृत्त कलाशिक्षक, बाहुलीकार, नृत्य जाणणारी माणसं यावीत.

प्रवेश घेणाऱ्यांनी मात्र तोवर थांबायचं कारण नाही. संस्था बघायला जाल तेव्हा लॅबमधली यंत्रं मोजत बसू नका. ती सगळीकडे दाखवतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या शोरील मागा, निवडक दोघा-चौघांच्या नकोत, अख्ख्या वर्गाच्या. शिकवणाऱ्याने गेल्या पाच वर्षांत स्वतः केलेलं काम मागा. पहिल्या वर्षाच्या मुलाची स्केचबुक हातात घ्या आणि मागची पानं उलटून बघा. दाखवायला का-कू केली, तर फीच्या चौकशीच्या खिडकीपर्यंत जाऊच नका.